ॲम्बेसेडरचं पुण्य

ॲम्बेसेडरवर एकूण अकरा ओरखडे होते. चार डाव्या दारांवर, तीन उजव्या दारांवर, दोन मागच्या बंपरवर, एक टपावर आणि एक मडगार्डवर, वीतभर. गाडी ताब्यात घेताना बबनरावांनी ते कागदावर लिहून खाली सदाशिवरावांची सही घेतली होती. बबनराव सिंदीचे वांग्यांचे बागाईतदार. बैल घेतानाही ते दात आणि भोवरे मोजूनच घेत. सदाशिवराव त्याच गावातले कापसाचे अडते. सात वर्षे वापरलेली ही गाडी विकून त्यांनी नवी फियाट नोंदवली होती.

१९८२ साली, मे महिन्यातल्या एका मंगळवारी दोघे वर्ध्याच्या विमा कचेरीत पॉलिसी नावावर करायला आले. गाडी एकच होती, म्हणून एकत्र आले. चालवायला श्रावण होता. तो सात वर्षे सदाशिवरावांचा ड्रायव्हर होता आणि आठ दिवसांपासून बबनरावांचा. बबनरावांच्या पत्नी मंदाबाईही सोबत होत्या.

"फॉर्मवर दोघांच्या सह्या लागतील," कचेरीतले साहेब म्हणाले. "आणि बबनराव, बोनस तुम्हाला मिळणार नाही. सात वर्षांत एकही क्लेम नाही, म्हणून सदाशिवरावांना हप्त्यात सूट होती. ती आता त्यांच्या नव्या गाडीवर जाईल."

बबनरावांनी पेन खाली ठेवले. "सात वर्सं कोनाले धडकली नाई ते कोन? हे गाडी. भायेर उभी आहे, पाहून घ्या."

"बोनस माणसाला असतो. गाडीला नाही."

"साहेब, मी गरीब बैल घेतला. मारका नाई, लाथा झाडत नाई. तं त्याचा गरीबपना विकनाऱ्याच्या घरी राह्यते का? त्याचेच तं पैसे मोजले मी."

"बैलाची गोष्ट काढली तं आयका," सदाशिवराव म्हणाले. "बैल विकला तरी दावं कोन ठेवते? विकनारा. बोनस म्हंजे दावं. ते मी देत नाई."

 बाजारात बैल दिला तरी त्याच्या गळ्यातले दावे विकणारा सोडून घेतो आणि घेणारा आपले बांधतो, ही रीत बबनरावांनीही पाळली होती. मदतीला मंदाबाई आल्या.

"दाव्यानं बैल चालत नाई, भाऊजी. हाकनाऱ्यानं चालते. गाडी कोन हाकत होतं?"

सगळ्यांनी दाराशी उभ्या असलेल्या श्रावणकडे पाहिले.

"मी काय सांगू," श्रावण म्हणाला. "मालक मागं बसून पेपर वाचत. मी वाचत नव्हतो."

"मंग बोनस श्रावणले द्या," बबनराव म्हणाले.

साहेबांनी नियमांचे पुस्तक उघडले. त्यात श्रावण नव्हता.

सदाशिवराव मात्र लाल झाले होते. त्यांनी खिशातून पाकीट काढून टेबलावर आपटले. "लायसन आहे माह्याजवळ. एकसष्ट सालचं."

"लायसन आहे, पन गाडी येते का?" मंदाबाईंनी विचारले.

"म्हंजे मी चालवत नाई म्हनून ठोकली नाई, असं म्हनून राह्यल्या तुमी?"

"मी कायले म्हनू? गाडी उनात उभी आहे. तेवढी लिंबाच्या सावलीत लावून द्या. मंग बोनस तुमचा, आमी तोंड उघडनार नाई."

"मंजूर," बबनराव म्हणाले.

"आधी सही करा, मग गाडी लावा," साहेबांनी सुचवले.

"आधी गाडी. सही मंग," सदाशिवराव म्हणाले आणि बाहेर पडले.

फाटकाशी उभ्या गाडीपासून लिंब तेवीस पावलांवर होता. "मालक, क्लच उशिरा सुटते," असे श्रावणने किल्ली देताना सांगितले. "तू शिकवशीन आता मले," असे उत्तर त्याला मिळाले. सदाशिवरावांनी आरसा नीट केला. समोर कोणी नसताना दोनदा हॉर्न वाजवला. पहिल्या झटक्याला गाडी बंद पडली. दुसऱ्या वेळी ती दोन फूट मागे गेली. तिसऱ्या वेळी मात्र पुढे निघाली आणि एकवीस पावले अगदी सरळ गेली. नंतर थांबायचे होते. लिंबाभोवती दगडी पार होता. रिकामे पिंप पडावे तसा आवाज झाला.

"ब्रेक ढिला आहे," सदाशिवराव आतूनच म्हणाले. "गाडीच बेकार झाली तुमची."

"आता गाडीचं काऊन?" बबनरावांचा आवाज चढला. "पुन्य मानसाचं आन् पाप गाडीचं, हे कोनत्या पुस्तकात लिवलं आहे? साहेब, हे ठोकर भरून पाह्यजे मले. तोवर मी इथून हालत नाई."

साहेब टेप आणि वही घेऊन उन्हात आले. "सदाशिवराव, आरसी बुकावर नाव कोणाचं?"

"इथलं झाल्यावर आरटीओत जानार होतो. तोवर माहंच."

"पॉलिसीवर?"

"मी सही कुठं केली अजून?"

"चालवत कोण होतं?"

सदाशिवरावांनी श्रावणकडे पाहिले. श्रावण कचेरीच्या पायरीवर बसून पेपर वाचत होता.

"मी," सदाशिवराव म्हणाले.

"मग कागद बरोबर आहेत. क्लेम तुमच्या पॉलिसीवर बसेल, गाडी दुरुस्त होईल. बोनस जाईल."

"आन् हे सही आत्ता केली तं?"

"तर तुम्ही बबनरावांची गाडी ठोकली असं होईल. दुरुस्ती तुमच्या खिशातून."

सदाशिवरावांनी पेनाचे टोपण काढले, पुन्हा लावले. "हे कोनता न्याय आहे? गाडी मी विकली. किल्ली देल्ली, ड्रायव्हरही देल्ला. आन् ठोकर माह्याच नावावर?"

"दावं तुमीच ठेवलं नं, भाऊजी," मंदाबाई म्हणाल्या.

सदाशिवरावांनी टोपण लावलेले पेन खिशात ठेवले आणि क्लेमचा फॉर्म मागितला. बबनरावांनी घडी घातलेला आपला कागद साहेबांपुढे धरला. साहेबांनी तो पाहून एकेक ओरखडा तपासला, मग पुढच्या बंपरला टेप लावला आणि वहीत लिहिले: जुने ओरखडे अकरा. नवी ठोकर एक, लांबी चौदा इंच, खोली सव्वादोन इंच. बोनस शून्य.