मेमरीगळतीवर फाइलबाईंची स्वारी

कचेरीतील सर्व लहानथोर, चहावाले, पहारेकरी आणि खासे साहेब यांणी चित्त देऊन ऐकावे. सर्व्हरावर कैसा घाला आला आणि तो कैसा मोडिला, हे जैसे घडले तैसे लिहिले असे.

फाइलबाई म्हणोन एक मातबर प्रोग्रामर होत्या. फाइली कोठे ठेवाव्या, मागेल त्यास कैशा द्याव्या, हा फाइल सिस्टिमेचा सारा मुलूख त्यांचे हाताखाली. फाइल मागितली जाताच थोडी मेमरी उसनी घ्यावी आणि काम होताच परत करावी, हा तेथील कायदा. परंतु कोठे तरी घेतलेली परत होत नव्हती, हीच ती गळती, आणि मेमरी संपोन तिसरे प्रहरी सर्व्हर मटकन खाली बसे. मग फाइलबाईंनी धावावे, सर्व्हर बंद करून चालू करावा, आणि सर्वांनी हुश्श करून चहास जावे, ऐसा रिवाजच पडला.

या रिवाजापायी बाईंची रजा अडली. मातोश्री परगावी एकट्या, मोतीबिंदूचे ऑपरेशन लेकीवाचून दोन वेळा पुढे गेले, आणि आता उद्याची सकाळ मुक्रर जाहली होती. परंतु साहेबांचे फर्मान सुटले की, गळती मोडेतो फाइलबाईंनी ठाणे सोडू नये, सर्व्हर बंद-चालू करणे त्यांचाच हात जाणतो. बाईंचे अंगाचा तिळपापड जाहला. बटण दाबण्यास कसला आलाय हात! त्यात मातोश्री फोनवर म्हणाल्या, "राहू दे गं, एका डोळ्यानं दिसतंय मला." तेणे बाईंस अधिकच भरून आले.

मग मसलत बसली. खिडकीपाशी बसणारे म्हणोन ज्यांस खिडकीवाले म्हणत, त्यांणी तजवीज काढिली की, जासूद नेमावे. जासूद म्हणजे इवलासा प्रोग्राम. तो अष्टौप्रहर फाइल सिस्टिमेस पुसे, 'धोका' नावाची फाइल आली काय? ती येताच घंटा वाजावी, ऐसा बंदोबस्त. साहेब बहुत खूश जाहले. आणि सर्व्हर तिसरे प्रहराऐवजी जेवणाआधीच बसला. मग हुकूम जाहला की, जासूद थोडे पडले, दुप्पट करा. आणि सर्व्हर पुन्हा बसला. मग चौपट केले, आणि साहेब खिडकीवाल्यांची तारीफ करीत असता, तारीफ पुरी होण्याआधीच सर्व्हर बसला. घंटा मात्र एकदाही वाजली नाही, कारण 'धोका' नावाची फाइल ठेवण्यास कोणासच सांगितले नव्हते.

इतक्यात मातोश्रींचा फोन आला की, डॉक्टर विचारतात, उद्याचे नक्की का? फाइलबाईंचे डोके फिरले आणि त्यांणी हुकमाची वाट न पाहता सारे जासूद एका दमात मारिले. तो काय! सर्व्हर शांत जाहला, मेमरी जागचे जागी राहिली. बाई चमकल्या आणि आपलेच प्रोग्रामाचे कोडावर तुटोन पडल्या. तेथे गनीम सापडला. फाइल मिळाली तर घेतलेली मेमरी परत होई, परंतु न मिळाली तर 'नाही' म्हणोन कोड तसाच निघोन जाई. जासूद नसलेली फाइल मागत होते, आणि दर नकारास मेमरी बुडत होती. जासुदांचे आधी हेच काम खासे साहेब करीत. आपण स्वहस्ते पुसोन टाकिलेली फाइल ते दिवसभर शोधीत, मिळेना म्हणोन पुन्हा शोधीत.

बाईंनी 'नाही' म्हणण्याआधी मेमरी परत करण्याची एक ओळ घातली आणि सर्व जासूद पुन्हा सोडिले. तिसरा प्रहर आला आणि गेला, सर्व्हर ढिम्म हलला नाही. साहेबांनी भर कचेरीत फत्ते जाहीर केली, फत्तेचे श्रेय जासुदांस दिले, आणि रजा मंजूर केली. बाई वाद घालण्यास थांबल्या नाहीत.

जिन्यावरूनच त्यांणी मातोश्रींस फोन लाविला. "निघाले गं. सापडलं एकदाचं."

"काय होतं एवढं?"

"एक ओळ राहिली होती."

"एका ओळीसाठी दोनदा थांबवलंस मला?" मातोश्री म्हणाल्या, आणि हसू लागल्या. मग म्हणाल्या, "ये लवकर. भीती वाटते गं मला."

फाइलबाई उरलेला जिना धावत उतरल्या. येणेप्रमाणे गळती मोडली, सर्व्हर कायम जाहला, आणि लेक वेळेत पोहोचली, हे रुजू असे.