वालाचे व्याही

१२ जूनला सकाळपासून बियांच्या पुड्या बांधत बसले होते. अंबाडी, चवळी, दोडकं आणि भोपळा अशा चार पुड्या झाल्या की एका घरच्या परसबागेचं सामान जवळजवळ पुरं होतं. पाचवी पुडी वालाची. तीच नव्हती. वाल पिंपळखेडच्या गुणवंतरावांकडे असतो, आणि गुणवंतराव वाल कुणाला देत नाहीत. ते वालाचं लग्न लावून देतात.

हे मी गमतीनं म्हणत नाही. तेल्हारा तालुक्यातल्या काही गावांच्या आशाताईंचं काम मी बघते. या गावांमध्ये ज्या बाईचं रक्त तपासावं तिचं कमी. गोळ्या दिल्या तर त्या फळीवर जाऊन बसतात. शेवटी गावोगावच्या बायकांनीच बैठका घेऊन ठरवलं की प्रत्येक घरामागे भाजी लावायची आणि बी विकत आणायचं नाही, गावातलंच फिरवायचं. गावातला चांगला वाल एकट्या गुणवंतरावांकडे. म्हणून पिंपळखेडची आमची आशाताई शबाना मला पहिल्यांदा त्यांच्याकडे घेऊन गेली.

गुणवंतराव ओट्यावर बसले होते. सत्तरीला टेकलेले, काटक. मी म्हटलं, "भाऊ, वालाचं बी पाहिजे."

"कोनाच्या घरी?"

मी घरांची नावं सांगितली.

"पोरगी अशी घाईनं देत नसतात, बाई. घर पाहा लागते."

मी शबानाकडे बघितलं. मला वाटलं मध्येच कुणाच्या लग्नाचा विषय निघाला. शबाना हळूच म्हणाली, "ताई, पोरगी म्हंजे वाल. तुमी फक्त हो म्हना."

मी हो म्हटलं. त्यानंतर आमच्या कार्यक्रमाचं वेळापत्रक जे बिघडलं ते आजतागायत.

घर बघायला गुणवंतराव धुतलेला पायजमा घालून, छत्री घेऊन जातात. ऊन असो नसो, छत्री असते. खुर्ची दिली तर टेकतात, पण निर्णय होईपर्यंत पाणीही घेत नाहीत. घरामागची जागा ते बघतच नाहीत. माती कशी आहे, ऊन किती येतं, काही विचारत नाहीत. त्यांचे प्रश्न तीन. पानी कोन भरते? सून कितीक वाजता जेवते? घरात मोठ्यानं कोन बोलते?

याचा वालाशी काय संबंध, हे मी त्यांना विचारलं होतं. ते म्हणाले, "लेक द्याची हाय न?"

गावातलं सगळ्यात मोठं दुमजली घर त्यांनी नापसंत केलं. घरमालक बाळासाहेब जाम चिडले. "अरे गुनवंता, माह्या घरी टाकी हाय, मोटर हाय. तुह्या वालाले का फ्रीजमधलं पानी लागते?"

"मोटर कोन चालू करते?"

"सून करते. बटनच तं दाबाचं हाय."

"अन् सून कवाची दारात उभी हाय. तिले कोनी बस म्हनलं नाही." गुणवंतरावांनी छत्री उचलली. "नाही जमनार, बाळासाहेब. आमची पोरगी लहान हाय."

त्याच दिवशी त्यांनी गावाच्या टोकाला एका टिनाच्या घरी वाल देऊन टाकला. तिथला नवरा कमरेवर पाण्यानं भरलेला गुंड घेऊन हापशीवरून येताना दिसला, एवढं त्यांना पुरलं. प्रश्नसुद्धा विचारले नाहीत. त्या घरामागे जागा म्हणाल तर एक शेळी बांधली की संपली.

बी दिलं की संपलं असंही नाही. ते घर मग त्यांचं ईवाई. वऱ्हाडात व्याह्याला ईवाई म्हणतात, आणि गुणवंतरावांचे तेवीस-चोवीस तरी ईवाई आता गावात आहेत. त्यात शबानाची सासूही आहे. पोळ्याला, दिवाळीला ते प्रत्येकाकडे जातात, घरच्या माणसांना नमस्कार करून थेट मागच्या दारी वेलाजवळ उभे राहतात आणि विचारतात, "बरी हायेस न, बाई?" वेल काय बोलतो ते त्यांनाच माहीत. एका घरी वेल काटेरी तारेवर चढवलेला दिसला तर ते दिवसभर तिथंच बसले, शेतातून कापसाच्या पऱ्हाट्या आणवल्या आणि स्वतः मांडव घालून दिला. जाताना एवढंच म्हणाले, "काट्यावर नांदवता का लेकीले?"

सगळ्यात मोठी अट पहिल्या तोडीची. पहिल्या शेंगा सुनेनं खायच्या, तव्यावरची भाकर घेऊन, सगळ्यांच्या आधी, पाटावर बसून. ते बघायला गुणवंतराव स्वतः हजर राहतात. शबानाची सासू एकदा वैतागली. "मी का या घरात राहत नाही? मले का दात नाहीत?"

"तुमी दुसऱ्या तोडीच्या, इहीनबाई."

"ये कोनसा कायदा रे बाबा!"

"पोरीवाल्याचा कायदा हाय."

शबाना पाटावर बसून मान खाली घालून जेवली. ती मला नंतर म्हणाली, "ताई, लाज वाटली. पन भाकर गरम होती."

मी व्यवहारी बाई आहे. या सगळ्यानं कुणाचं रक्त वाढलं की नाही, मला सांगता येणार नाही. गुणवंतरावांमुळे निम्म्या घरांत वाल वेळेवर पोचत नाही, हे मात्र सांगता येतं. हा माणूस आमच्या कामाचा मित्र आहे की अडथळा, मी किती वेळा स्वतःला विचारलं असेल. सकाळी एक उत्तर येतं, संध्याकाळी दुसरं.

मलाही त्यांनी नाकारलं आहे. तेल्हाऱ्याच्या माझ्या घरामागे थोडी जागा आहे, म्हणून मी वाल मागितला होता. छत्री घेऊन आले. पाण्याला नळ आहे म्हटल्यावर खूश झाले. मग विचारलं, "सून कितीक वाजता जेवते?"

"सून नाही. मुलगा पुण्याला असतो, त्याचं लग्न व्हायचंय."

"मंग तुमी कितीक वाजता जेवता?"

मी खरं सांगितलं. तीन वाजतात, आणि बहुतेक वेळा ओट्याशी उभी राहूनच.

"नाही जमनार, बाई."

"अहो, मी सून नाही, मी घरची मालकीण आहे!"

"घरात दुसरी बाई नाही. म्हंजे तुमीच सून." आणि गेले. मला राग आला. त्या दिवशी मी बसून जेवले, पण रागानं.

तर यंदाची गोष्ट. नदीपलीकडच्या गावातल्या बायकांच्या गटानं वाल मागितला. ते गाव खारपाणपट्ट्यातलं, विहिरींना खारं पाणी. गटाची प्रमुख वंदना, म्हणजे गुणवंतरावांची लेक. तिचं सासर तिथलं, स्कूटीनं अर्ध्या तासाचा रस्ता. मला वाटलं, चला, हे लग्न तरी बिनप्रश्नांचं होईल. शबानानं त्यांना विचारलं तर म्हणाले, "त्या गावात नाही."

"काका, घर तं पाहा."

"पाहाचं कामच नाही."

शबाना माझ्याकडे आली ती डोकं धरून. बापानं अख्ख्या गावाच्या सुनांची जेवणं मोजली आणि पोटच्या पोरीचं घर बघायला तयार नाही, हे काय गणित आहे? गावात विचारलं तर प्रत्येकाकडे वेगळं उत्तर. कुणी म्हणालं जावयाशी वाजलंय. कुणी म्हणालं लग्नात मानपानावरून बिनसलं. बाळासाहेब म्हणाले, "थ्या मानसाचं डोकंच वालाचं हाय." शबानाचं म्हणणं, खाऱ्या पाण्यावर वेल जगणार नाही म्हणून देत नसतील. पण वाल पावसावर येतो, हे गुणवंतरावांनीच आम्हाला शिकवलं होतं. वंदना आईच्या वर्षश्राद्धाला माहेरी येते तेव्हा हे शेतात जाऊन बसतात, एवढं सगळ्यांनी एकमुखानं सांगितलं.

पेरणीचे दिवस होते. चार पुड्यांच्या जोडीला पाचवी पाहिजे होती. मी पुड्या तशाच ठेवल्या आणि दुपारी पिंपळखेडला गेले.

गुणवंतराव सुपात वाल निवडत होते. मी गोलगोल बोलत नाही. म्हटलं, "भाऊ, वंदनाच्या घरी वाल का देत नाही?"

ते निवडतच राहिले. मान वर न करता म्हणाले, "जिनिंगच्या रांगेत सोयरीक केली म्या."

मला कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं. त्या साली कापूस खूप होता आणि जिनिंगच्या, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याच्या फाटकासमोर बैलगाड्यांची रांग लागली होती. त्यांच्या पुढच्या गाडीवाला गोड बोलायचा. दोघं दोन दिवस एका ठिकाणी भाकर खात होते, एकमेकांच्या बैलांना पाणी दाखवत होते. रांग फाटकापर्यंत पोचली तोवर त्याच्या मुलाशी वंदनाचं पक्कं झालं होतं.

"बायको म्हने, घर पाहून या एकडाव. म्या म्हनलं, मानूस पाह्यला न, घर काय पाहाचं? अन् पोरीनं इचारलं, बाबा, घर कसं हाय? म्या म्हनलं, चांगलं हाय. पाह्यलं म्हनून सांगतलं मी तिले."

"मग?"

"मंग काय. गोड्या पान्याची इहीर शिवाराच्या त्या टोकाले. घरात मानसं बारा. पहिल्या बाळंतपनाले आली तं हातातल्या बांगड्या कोपरावर जाऊन राहिल्या होत्या. दवाखान्यात रक्त चढवा लागलं."

"तिनं तुम्हाला काही बोलून दाखवलं?"

"नाही न. कधीच नाही."

"मग आता तरी जा. विचारा. आता तिची पोरंही मोठी झाली."

त्यांनी सूप खाली ठेवलं. "दुसऱ्याच्या घरी इचारता येते, बाई. तिच्या घरी इचारलं तं पोरगी खरं सांगीन न."

बी द्यायला नकार देणारा माणूस इतका घाबरलेला असू शकतो, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पण घाबरलेल्या माणसाजवळ बसून राहण्याचा मला सराव नाही. मी उठले आणि म्हटलं, "उद्या सकाळी साडेसातला तयार राहा. मी गाडी घेऊन येते."

"माही तब्येत..."

"तब्येत चांगली आहे तुमची."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते ओट्यावर तयार होते, पायजमा आणि छत्रीसकट. वालाची पुडी खिशात. स्कूटीवर मागे बसायला त्यांना जमेना, मग एका बाजूनं बायकांसारखे बसले. पुलावरून जाताना म्हणाले, "हळू चालवा." मी तशीही हळूच चालवत होते.

वंदना दारातच भेटली. चाळिशीची, रुंद हाडाची, पदर खोचलेला. तिनं माझ्याकडे बघितलं, मग मागे उतरणाऱ्या बापाकडे.

"या," ती म्हणाली. "आख्ख्या गावाचे घरं पाहून झाले म्हने तुमचे. आमचंच राह्यलं होतं."

गुणवंतरावांनी पुडी पुढे केली. तिनं हात पुढे केला नाही.

"आधी घर पाहा. रीत हाय न तुमची?"

ते चपला काढायच्या विसरून अंगणात उभे. मला वाटलं आता परत फिरतात. ते म्हणाले, "वंदे, म्या तवा घर पाह्यलं नोतं."

"मले माहीत हाय."

"कवापासून?"

"आली त्याच दिवशी. सासऱ्यालेच इचारलं म्या, माहे बाबा कवा आले होते म्हनून." ती दारातून बाजूला झाली. "हे पाहा. हा नळ. आता आता आला. त्याच्या आधी..." आणि तिनं शिवाराकडे हात केला.

मी चार पुड्या ओट्यावर ठेवल्या. मला त्याच गल्लीत आणखी घरं करायची होती, ती केली. एका घरी चवळी आधीच उगवलेली निघाली, एका घरी कुलूप होतं. गाडी घ्यायला परत आले तेव्हा दोघं मागच्या अंगणात होते. वंदना एकेका जागेकडे बोट दाखवत बोलत होती. मध्येच तिचा आवाज चढत होता, मध्येच बसत होता. भांडत होती की सांगत होती, कळत नव्हतं. गुणवंतराव तिच्यासमोर अनवाणी उभे होते आणि एकही प्रश्न न विचारता ऐकत होते. पुडी अजून त्यांच्याच हातात होती.

मला निघायचं होतं, पुढच्या गावी लसीकरण होतं, गुणवंतरावांना परतताना घेता येणार होतं. मी गाडी चालू केली नाही. ढकलत गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत नेली आणि तिथं जाऊन चालू केली.