आंबुशीस कुंडीचे अभय

घरच्यांची भीड न बाळगता, झाली हकीकत लिहितो ती येणेप्रमाणे.

मातुश्री आत्याबाईसाहेब तापातून उठल्या, परंतु त्या गनिमाने जाता जाता जिभेची चव लुटून नेली. त्यांच्या सूनबाईसाहेब चार महिने नाना पदार्थ रांधून ताटे रवाना करीत आणि आत्याबाईसाहेब दोन घास घेऊन, माती खाल्लीसे तोंड करून ती परत पाठवीत, आणि मग त्यांची हाडे दिसो लागली, आणि घरास बहुत घोर लागला.

ऐसियास पार्किंगच्या फरशीफटींत आंबुशी नामे रानभाजी उगवली. आत्याबाईसाहेबांनी तीन पाने सहज तोंडात टाकिली, तो एक डोळा आपसूक मिटला. आंबट लागले! चार महिन्यांत प्रथमच काही लागले.

हा पाला सालात जेमतेम दीड महिना मुक्कामास येतो, आणि बाजारात त्यास काळे कुत्रे पुसत नाही. तशात सोसायटीचे सेक्रेटरीसाहेब यांचा हुकूम सुटला की, सोमवारी समस्त तण समूळ उपटावे. कामगिरी माळीबुवांकडे. त्यांचा कायदा एकच, कुंडीत ते झाड आणि बाहेर ते तण. हे सूनबाईसाहेबांस ठाऊक होते.

रविवारी दुपारी सेक्रेटरीसाहेब घोरत असता, सूनबाईसाहेबांनी फुटकी बादली, दांडातुटका कुकर, गळकी किटली आणि एक हेल्मेट (प्रस्तुत लेखकाचे, त्यास न पुसता) ऐसा सरंजाम उतरविला, आणि आंबुशी मुळांसकट आत वसविली, आणि मग पाटी लाविली की, हात लावू नये.

सोमवारी माळीबुवा खुरपे घेऊन पातले, ते हेल्मेटापाशी थबकले.

"हे कुणाचं?"

"आमचं. कुंडीतलं आहे," सूनबाईसाहेब वदल्या.

"मग पाणी नको का घालायला?" ऐसे बोलून बुवांनी झारी आणिली. सेक्रेटरीसाहेब तणतणत आले, परंतु पाटी वाचून हात पाठीमागे बांधोन उभे राहिले, आणि मग हळूच आपले गॅलरीकरिता एक कुंडी मागून घेते जाहले.

त्याच दिवशी सूनबाईसाहेबांनी आंबुशी डाळीत शिजवून ताट पाठविले. ते चाटूनपुसून रिते जाहले. आतून फर्मान आले:

"सूनबाई, मीठ जास्त पडलंय गं."

एरवी ऐशा बोलाने ज्यांच्या कपाळास आठ्या पडत, त्या सूनबाईसाहेब ओट्यास टेकून ढसाढसा रडल्या आणि रडता रडता हसल्या.

मोहीम फत्ते जाहली. मीठ खरोखरच जास्त होते, हे आम्ही स्वतः चाखून लिहिले आहे.