गादी कोणी वाळवली?

कथा कशी वाचावी हे आपल्याइतकं कोणाला कळत नाही, याबद्दल मास्तरांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. दर रविवारी सकाळी ते ऑनलाइन वर्ग घेत. कथा लिहायची कशी आणि उलगडायची कशी, दोन्ही शिकवत. वर्गाचा एक नियम मोठा कडक होता. दर आठवड्याला एक कथा बिननावाची वाचायची, सगळ्यांनी तिची यथेच्छ चिरफाड करायची आणि लेखकाने तोंड उघडायचं नाही.

त्या रविवारी मास्तरांनी स्वतःचीच कथा गुपचूप मधे सरकवली. वर्ग वाहवा करणार, मग आपण हळूच लाजत कबुली देणार, असा झकास बेत होता. कथेतला नवरा स्वयंपाकघरातला गळका नळ दुरुस्त करायला दिवसभर झटतो. घरभर पाणी होतं. बायको कौतुकाचा शब्द काढत नाही, उलट प्लंबरला बोलावते. बिचारा नवरा खिडकीशी उभा राहून आपल्या एकटेपणाचा विचार करत बसतो. हे सगळं गेल्याच आठवड्यात घडलेलं. घरातलं काही वर्गात नेणार नाही, असं मास्तरांनी बायकोला वचन दिलं होतं खरं, पण ती बाजारात गेली होती.

वाचून झालं. मास्तर कौतुक झेलायला सरसावून बसले.

"सर, मला हा नवरा लबाड वाटतो," बँकवाले म्हणाले. बँकेत कर्जाचे अर्ज तपासून तपासून त्यांचा कोणावर चटकन विश्वास बसत नसे.

"लबाड? तो कसा काय?"

"सांगणारा काय टाळतोय ते बघा, हे तुम्हीच शिकवलंत ना? नळ आधी नुसता थेंब थेंब गळत होता. यांनी पाना लावला आणि पूर आला. मग मोडला कोणी?"

निवृत्त नर्सबाईंनी चष्मा सारखा केला. "आणि मधेच एवढंसं वाक्य आहे, 'गादी भिजली.' पुढे हा त्याच गादीवर खुशाल झोपलाय. मग ती वाळवली कोणी?"

वर्गाला चेव चढला. नवरा ऐतखाऊ ठरला, कांगावखोर ठरला. कोणीतरी बायकोच्या सोशिकपणावर पाच मिनिटं बोललं. मास्तरांचे कान तापले.

"अहो, त्या नळाचा आटा आधीच झिजला होता! प्लंबर स्वतः म्हणाला!"

स्क्रीनवरचे सगळे चेहरे एकदम पुढे झुकले.

"सर," बँकवाले अदबीने म्हणाले, "कथेत प्लंबर काहीच बोलत नाही."

धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं मास्तरांना झालं. नर्सबाईंनाच दया आली. "जाऊ द्या सर. पण तेवढं गादीचं..."

"मी वाळवली," मागून आवाज आला. बायको हातात भाजीची पिशवी घेऊन दारात उभी होती, कधीपासून कोण जाणे. "पाणी पिऊन दगडासारखी झाली होती. एकटीने गच्चीवर नेली. हे तेव्हा खिडकीशी उभे होते."

चारचौघांत फजिती झाली, ती लाज होतीच. पण मास्तरांना जास्त बोचलं ते दुसरंच. भिजलेली गादी जड होते, हे लिहिताना सोडा, त्या दिवशीसुद्धा त्यांच्या मनात आलं नव्हतं. त्यांना बायकोकडे मान वळवून बघवेना.

"बाई, तुम्ही लिहाच," वर्गाने एका सुरात गळ घातली.

पुढच्या रविवारी बिननावाची कथा आली. वाचायचं काम अर्थातच मास्तरांचं. पहिल्याच ओळीत एक नवरा हातात पाना घेऊन उभा होता. मास्तरांनी कशीबशी शेवटपर्यंत वाचली. वर्ग डोळे पुसेपर्यंत हसला. न राहवून मास्तरांनी तोंड उघडलं.

"सर, नियम," नर्सबाई म्हणाल्या.

"पण मी कुठे लेखक आहे?" मास्तर पुटपुटले. "मी पात्र आहे."

"मग तर लेखिकेला विचारल्याशिवाय बोलूच नका," बँकवाले म्हणाले.

मास्तरांनी दाराकडे पाहिलं. तिथे उभ्या बायकोने मान हलवली, नाही म्हणून. मास्तरांनी मुकाट्याने माइक बंद केला.