आल्याचं तेल आणि दाराची चौकट

कारकुनाची पाठ धरली ती कपाटापायी, आणि बायकोला ते कळू नये म्हणून त्याची धडपड चालली होती. कपाट भिंतीशीच राहू दे, हे तिचं म्हणणं. खिडकीशी हवं, हे त्याचं. त्यावरून घरात अबोला. एवढं मोठं घर नव्हतं, पण शांतता मात्र मसणवटीची. शेवटी ती बाहेर गेलेली बघून यानं एकट्यानं कपाट ढकललं. ते खोलीच्या मधोमध अडलं आणि याच्या पाठीत कळ भरली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते जरा मागं सरकल्यासारखं वाटलं, पण दुखण्यात माणसाला काय काय वाटतं!

औषधवाल्यानं आल्याच्या तेलाची बाटली दिली. "साध्या तेलात चारच थेंब घाला हं."

दुखणं डोंगराएवढं आणि थेंब चार? घरी येऊन यानं नुसतंच तेल तळव्यावर ओतलं. पण हात दुखऱ्या जागी पोचेना. इतकी वर्षं पाठ चोळायची ती बायकोच. आता तिला हाक मारायची म्हणजे हरलो म्हणायचं. त्यापेक्षा त्यानं तेल दाराच्या चौकटीला फासलं आणि उघडी पाठ म्हशीसारखी घासली.

आधी बरं वाटलं. मग निखारे! न्हाणीघरात धावून पाणी ओतलं, तर आग कमरेपर्यंत पसरली. तेवढ्यात बाहेरून किंकाळी आली.

"आई गं! अहो, काय फासून ठेवलंय चौकटीला?"

बायको पाठ धरून नाचत होती. किती दिवसांनी "अहो" ऐकलं! त्याच्या डोळ्यांत पाणी आलं; सगळंच काही तेलाचं नव्हतं.

"आल्याचं तेल. पण तू कशाला पाठ घासत होतीस?"

कपाटाकडे न बघता ती म्हणाली, "तुम्ही कामावर गेलात की मी ते मागं ढकलत होते. धरली पाठ."

"चांगलंय! दोघंही कामातून गेलो."

"पाणी नका ओतू. बसा इकडे, साधं तेल लावते."

ती चोळत राहिली. मग त्यानं तिची पाठ चोळली, मग पुन्हा तिनं त्याची. आग हळूहळू उतरली. त्याला वाटलं, संपलं एकदाचं.

"बरं वाटलं की दोघं मिळून सरकवू," तो म्हणाला.

"हो. भिंतीशी."

"खिडकीशी."

तिचा हात थांबला. बऱ्याच वेळानं हात पुन्हा फिरू लागला, पण जरा जोरातच.