एक लिटर आणि अफिफाची तारीख

दुपारी एक वाजून चाळीस मिनिटांनी रोह्यातल्या पुंडलिक शेठच्या शोरूमसमोरून कमरुद्दीन यांची चौदा वर्षांची, शंभर सीसीची मोटारसायकल निघाली. टाकी रिकामी करून बंद केली होती. हँडलला पारदर्शक बाटली बांधली होती आणि तीत मोजून एक लिटर पेट्रोल होतं. नियम दोनच. गाडी थांबवायची नाही आणि पाय जमिनीला टेकायचा नाही. इंजिन आपोआप बंद पडेल तिथे अंतर मोजायचं.

शोरूमची ही मायलेजची स्पर्धा खरं तर सकाळी दहाची होती. प्रमुख पाहुणे साडेतीन तास उशिरा आले. तोवर बाकीचे स्पर्धक कंटाळून घरी गेले होते. कमरुद्दीन गेले नाहीत. ‘माझी गाडी लिटरला ब्याण्णव देते’ असं ते चौदा वर्षं पेणमध्ये सांगत होते आणि ऐकणारा प्रत्येक जण ‘व्हय काय?’ म्हणून चहा मागवत होता. आज पहिल्यांदाच कोणी तरी मोजणार होतं.

अडचण एकच होती. तीन वाजता पेणला, रामवाडीतल्या त्यांच्या घरी, रोह्याचे मुकादम येणार होते. कमरुद्दीन यांच्या अफिफाचं लग्न मुकादमांच्या जुहेबशी ठरलं होतं, तारीख ठरायची होती. जुहेब दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानाने दोह्याला नोकरीवर परत चालला होता. रजेचा अर्ज तिथे गेल्या गेल्या द्यायचा, म्हणजे तारीख आजच हवी. आणि ती दोन्ही बापांनी समोरासमोर बसून तोंडाने बोलायची, अशी दोन्ही घरांची रीत.

कमरुद्दीन चाळीसच्या वेगाने निघाले. चाळीस म्हणजे चाळीस. वाटभर त्यांनी ब्रेकला हात लावला नाही. गतिरोधक त्यांना लांबूनच दिसे आणि गाडी तिथे पोचेपर्यंत आपसूक मंद झालेली असे. आपल्या गाडीवरून मागे येणारे त्यांचे मित्र, भातशेतीवाले बाबाजी, शेजारी चाललेल्या निकेशला म्हणाले, “त्याच्या टाकीवर ताकाचा पेला ठेव. थेंब सांडला तर माझं नाव बदल.”

निकेश शोरूमचा सेल्समन. नव्या मॉडेलवर बसून तो साक्षीदार म्हणून येत होता आणि मोबाईलवर सगळं थेट दाखवत होता. वडखळला त्याच्याच गाडीचं पेट्रोल संपलं. भरत बसलो तर मागे पडू म्हणून ती पंपावर सोडून तो बाबाजींच्या मागे बसला. लगेच शेठचा फोन आला.

“निकेश, तो व्हिडिओ बंद कर.”

“शेठ, नऊशे जण बघतायत.”

“म्हणूनच बंद कर!”

निकेशने फोन कापला. व्हिडिओ चालू ठेवला.

पावणेतीनला गाडी रामवाडीत पोचली. चाळीस किलोमीटर झाले होते. फाटकात त्यांच्या पत्नी मुनीरा उभ्या होत्या. गाडी शक्य तितकी सावकाश नेली तरी फाटकासमोर आठच सेकंद मिळत.

“आलात? उतरा आता! पावने येतायत.”

“बाटलीत अर्ध्याच्या वर हाय गो!”

“मग काय पिऊन येणार काय?”

उत्तर द्यायला आठ सेकंद पुरले नाहीत. कमरुद्दीन यांनी पुढच्या मोकळ्या चौकात गाडी वळवली आणि वडखळचा रस्ता धरला. जाऊन-येऊन पंधरा किलोमीटर. पेट्रोल संपेपर्यंत याच फेऱ्या मारायच्या, असं त्यांनी ठरवलं.

तीन वाजून सात मिनिटांनी फाटकात मुकादम हाताची घडी घालून उभे होते. कमरुद्दीन यांनी अदबीने सलाम केला. मुकादमांनी उत्तर दिलं तेव्हा समोर बाबाजींची गाडी होती. बाबाजींनी नमस्कार केला.

साडेतीनला मुनीरांचा आवाज चढला होता. “ते निघतायत! चहा पन घेत नायत! पोरीचं वाटोळं करा त्या बाटलीपायी!”

ही फेरी जाताच मुकादम खरोखर चपला घालू लागले. तेव्हा अफिफा बाहेर आली. “मामू, अब्बांनी तुमचा अपमान नाय केलाय. चौदा वर्षं लोक त्यांना हसतायत. आज थांबले तर जन्मभर हसतील.”

“पन एवढं काय हाय त्या गाडीत? किती झाले?”

“सत्तर, मोबाईलवर दाखवतायत. बाटलीत अजून चार बोटं हाय.”

मुकादम चप्पल हातात धरून उभे राहिले. त्यांच्याकडेही तेच मॉडेल होतं, नऊ वर्षांचं. ते अठ्ठावन्न देई. पुंडलिक शेठच्या शोरूमला त्यांनी पाच खेपा घातल्या होत्या आणि पाचही वेळा ‘तुमचा हात जड हाय’ हे ऐकून परतले होते.

तीन बावन्नला कमरुद्दीन फाटकासमोर आले तेव्हा मुकादम आपल्या गाडीवर, इंजिन चालू करून तयार होते. ते शेजारी लागले.

“तारीख बोलायला आलो,” मुकादम ओरडले. “समोरासमोर नाय, तर बाजूबाजूला!”

“बोला भाई! फक्त चाळीसच्या वर जाऊ नका.”

“डिसेंबरची वीस म्हनतोय आमचा जुहेब... चढाला तुम्ही गियर टाकता कधी?”

“इंजिन कुरकुरायच्या आधी. हां, आता सोडा मूठ, उतार हाय... वीस तारखेला आमच्या भाच्याची परीक्षा हाय.”

“मग सव्वीस? अरे व्वा, बंद केल्यागत चालते की!”

चार वाजून तीन मिनिटांनी, वडखळच्या नाक्यावर, दोन गोष्टी एकदम झाल्या. बाटलीतला शेवटचा थेंब नळीत उतरला. निकेशने मीटर वाचलं: ब्याण्णव पूर्णांक चार. आणि मुकादमांची गाडी दोन आचके देऊन बंद पडली.

होणारा व्याही भर रस्त्यात अडकलेला. कमरुद्दीन यांचा हात त्या दिवशी पहिल्यांदा ब्रेककडे गेला.

“खबरदार!” मुकादम रस्त्यातून गरजले. “पाय टेकलात तर सोयरीक मोडीन!”

कमरुद्दीन यांनी हात काढला. मात्र मागे वळून बघण्याच्या नादात पेणचं वळण हुकलं आणि गाडी सरळ धरमतरकडे गेली.

चार वाजून आठ मिनिटांनी अफिफाने निकेशला फोन केला.

“तारीख काय ठरली?”

“वीस नाय म्हनाले. सव्वीस बोलत होते, तेवढ्यात मुकादमांची गाडी बंद पडली.”

“आनि अब्बा?”

निकेशने बाबाजींच्या खांद्यावरून पुढे पाहिलं. धरमतरच्या पुलाच्या दिशेने गाडी चाळीसच्या वेगाने चालली होती. बाटली पाच मिनिटांपासून कोरडी होती.

“चालू हायत,” तो म्हणाला.