जलद गाडीचा थांबा

एकदा याने मनावर घेतलं की ब्रह्मदेव आला तरी याला अडवू शकणार नाही, असं माझ्याबद्दल सगळीकडे बोललं जातं! बोलणारा मीच असतो, ही गोष्ट वेगळी.

या खेपेला मनावर घेतलं होतं ते आमच्या स्टेशनवर जलद गाडी थांबवायचंच! कारण घरगुती होतं. बायकोचं ऑफिस लांब. आमच्याकडे थांबतात फक्त साध्या गाड्या, आणि त्या वाटेतल्या प्रत्येक झाडाची विचारपूस करत जातात. शेवटी तिने निकाल दिला, "अहो, महिनाअखेरपर्यंत फास्ट थांबली नाही, तर आपण आईच्या शेजारी राहायला जायचं. तिथे सगळ्या थांबतात!"

सासूबाईंच्या शेजारी!

मी हट्टाने स्टेशनचा इतिहास उकरून काढला. वाफेच्या इंजिनांच्या काळात इथे स्टेशन नव्हतंच. होती फक्त माझ्या पणजोबांची विहीर. तिचं पाणी प्यायल्याशिवाय इंजिन पुढचा चढ चढायचं नाही. म्हणून इथे थांबा पडला आणि थांब्याचं स्टेशन झालं. म्हणजे एके काळी झाडून सगळ्या गाड्या आमच्या दारात थांबायच्या, आणि आताच्या जलद गाड्या साधी ओळखही दाखवत नाहीत! हा इतिहास मोठ्या पाटीवर लिहायचा, रेल्वेच्या साहेबांना बोलवायचं, की थांबा मिळालाच म्हणून समजा! स्टेशनमास्तर म्हणाले, "लावा पाटी. पण माझ्या डोक्याला ताप नको."

पेंटर कामाला चोख, पण मजकुरात स्वतःची भर घालायची खोड भारी. मागे आमच्या फाटकावरच्या 'कुत्र्यापासून सावध'च्या पुढे त्याने 'आणि मालकापासूनही' असं घातलं होतं. म्हणून फोनवर मी आधीच दम भरला, "माझ्या तोंडून निघेल तो शब्दन् शब्द लिहायचा. अक्कल चालवायची नाही!"

"बरं साहेब."

"वर मोठ्या लाल अक्षरात, थांबा!"

"थांबलो."

"अहो, थांबू नका! थांबा!"

"नक्की काय करू, साहेब?"

"'थांबा' असं लिहा!"

"असं होय! लिहिलं. पुढे?"

"पुढे... थांबा, चष्मा आणतो."

चष्मा शोधण्यात बराच वेळ गेला, कारण तो माझ्या कपाळावरच होता. मग विहिरीपासून सुरुवात करून मी सगळा इतिहास घसा कोरडा होईपर्यंत वाचून दाखवला. पलीकडून चकार शब्द नाही. पेंटर भारावून गेला असणार, असं मला वाटलं. फोन केव्हाच कट झाला होता!

समारंभाच्या दिवशी पाटी फलाटाच्या टोकाला कापडाखाली उभी होती. साहेब आले. बायको मात्र बाकावर साध्या गाडीची वाट बघत बसलेली. आईच्या शेजारची जागा बघायला निघाली होती आणि त्या जागेवर म्हणे आणखी एका गिऱ्हाइकाचा डोळा होता.

"अगं, कशाला जातेस? आज थांबा मिळतोय!"

"मिळाला की येईन परत."

मी चिडून कापड ओढलं. एकही टाळी वाजली नाही. वळून बघतो तर हातभर उंचीची लालभडक अक्षरं:

'थांबा! थांबा, चष्मा आणतो.'

तेवढ्यात वळणावर जलद गाडी दिसली. ब्रेक करकरले, फलाट हादरला, आणि गाडी चक्क थांबली! माझा ऊर भरून आला. ड्रायव्हरने घाबरंघुबरं डोकं बाहेर काढलं, पाटी पुन्हा एकदा सावकाश वाचली आणि म्हणाला, "थांबलोय. आणा चष्मा!"

स्टेशनमास्तरांनी कपाळावर हात मारला. साहेब लालबुंद होऊन ओरडले, "ही पाटी आत्ताच्या आत्ता उतरवा! आणि थांब्याचं नाव माझ्यापुढे पुन्हा काढू नका!" मी माफी मागेपर्यंत गाडी निघूनही गेली. बाक रिकामा होता.

थोड्या वेळाने बायकोचा फोन आला. "अहो, तुम्ही खरंच थांबवलीत की! मला वाटलं होतं, नुसत्या बाता! साध्या गाडीने आले असते, तर ते दुसरं गिऱ्हाईक जागा घेऊन मोकळं झालं असतं. फास्ट मिळाली म्हणून मी आधी पोचले. जागा पक्की झाली!"

तिच्या आवाजात माझ्याबद्दल एवढा अभिमान लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकला.

आता आम्ही तिकडेच राहतो. स्टेशनवर सगळ्या जलद गाड्या थांबतात. रोज सकाळी मी गाडी गाठायला धावत सुटलो, की शेजारच्या खिडकीतून सासूबाईंची हाक येते, "जावईबापू, थांबा!"

आणि मी थांबतो.